कुठून मोजलं, केव्हा मोजलं? पाणी-मोजणीवर वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींची माहिती दिली होती. ठरलेल्या विहिरींची पाणीपातळी वर्षातून चारदा, म्हणजे जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजतात. ऑक्टोबरचा आकडा मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून पुढच्या उन्हाळ्यातल्या टंचाईचा अंदाज बांधतात. त्यावर आलेली पत्रं मात्र विहिरीपाशी थांबली नाहीत. ओढा, तळं, पूर, सगळंच त्यांत आलं. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

आमची विहीर निरीक्षण विहीर आहे. मोजणीला आलेल्यांनी पाणी ६.६५ मीटरवर असल्याचं लिहून नेलं. त्याच दिवशी आम्ही दोरी सोडून मोजलं, तर ७.४५ मीटर भरलं. बरोबर कोण?
(शेतकरी, सिन्नर तालुका)

बहुधा दोघंही. फरक ८० सेंटीमीटरचा आहे. विहिरीचा कठडा जमिनीपासून किती उंच आहे ते मोजून पाहा. तुम्ही कठड्यावरून मोजलंत आणि त्यांनी त्यातून कठड्याची उंची वजा केली. पाणीपातळी नेहमी जमिनीपासून खाली किती, अशी नोंदवतात. कठडा उद्या पडला किंवा वाढवला तरी जुन्या-नव्या नोंदींची तुलना करता यावी, हा त्यामागचा हेतू.

मोजणी दर वेळी एकाच ठिकाणावरून व्हायला हवी. कठड्याची एक बाजू खचलेली असते आणि दगड वरखाली असतात, त्यामुळे समोरच्या बाजूने मोजलं की दहा-पंधरा सेंटीमीटरचा फरक सहज पडतो. म्हणून कठड्यावर एका जागी ऑइलपेंटने बाण काढून ठेवा आणि तिथूनच मोजा.

दोरी मात्र वापरू नका. सुती दोरी भिजली की आखडते, नायलॉनची वजनाने ताणते. साधी पोलादी टेप घ्या आणि खालच्या टोकाला छोटं वजन बांधा. टेपच्या शेवटच्या दीड-दोन मीटरवर निळा खडू घासा. टोक पाण्यात बुडेल इतकी टेप सोडा आणि एखादी पूर्ण खूण, समजा ९.०० मीटर, बाणाशी नेमकी धरा. वर ओढल्यावर खडू जिथवर भिजून गडद झालेला दिसेल तो आकडा वाचा. तो १.५५ असेल तर पाणी बाणापासून ९.०० वजा १.५५, म्हणजे ७.४५ मीटर खाली. त्यातून कठड्याचे ०.८० गेले की ६.६५. लगेच पुन्हा एकदा मोजा. दोन मोजण्यांत एक-दोन सेंटीमीटरहून जास्त अंतर पडलं तर काहीतरी चुकलं आहे.

सर्वांत जास्त घोळ पंपामुळे होतो. काळ्या पाषाणातल्या विहिरीचे झरे संथ असतात. दुपारी चार तास मोटर चालली तर पाणी पूर्वपदावर यायला रात्र जाते. मोटर बंद केल्यावर पंधरा-पंधरा मिनिटांनी दोनदा मोजा. तेवढ्या वेळात पातळी सेंटीमीटरभर जरी चढली, तरी विहीर अजून भरते आहे असं समजा आणि सकाळी मोटर सुरू होण्याआधी परत या. शेजारच्या विहिरीची मोटर चालू असेल तर तेही नोंदवहीत लिहा.

बोअरमध्ये बीप वाजवणारी टेप वापरतात. तिच्या टोकाला दोन तारा असतात. त्या पाण्यात गेल्या की सर्किट जुळतं आणि आवाज येतो. पण केसिंगच्या (बोअरच्या वरच्या भागात बसवलेल्या पाइपच्या) आतून पाणी ठिबकत असेल तर ती वरच्या वर, पाण्यापर्यंत न पोचताच वाजते. म्हणून टोक दोन-तीनदा वरखाली करून जिथे आवाज दर वेळी एकाच जागी सुरू होतो तीच पातळी धरा. सबमर्सिबल असलेल्या बोअरमध्ये ही टेप पाइप आणि केबलच्या मध्ये अडकते आणि मग मोटर वर काढल्याशिवाय ती सुटत नाही. मोटर सोडतानाच शेजारून इंचभर व्यासाचा पीव्हीसी पाइप सोडून ठेवला तर हा ताप कायमचा वाचतो.

विहिरीपासून तीस फुटांवर बोअर आहे. विहिरीत पाणी पाच मीटरवर, बोअरमध्ये अठरा मीटरवर. पाणी आपली पातळी शोधतं ना?
(पारनेर तालुका)

एकाच भांड्यात असेल तर शोधतं. आपला बेसॉल्ट, म्हणजे काळा पाषाण, म्हणजेच एकावर एक रचलेले लाव्हाचे थर. प्रत्येक थराचा वरचा भाग बहुतेक वेळा पोकळ्यांचा आणि कुजलेला असतो, खालचा घट्ट. दोन थरांच्या मध्ये अनेक ठिकाणी गेरूसारख्या तांबड्या मातीचा पट्टा असतो आणि तो पाणी सहसा खाली जाऊ देत नाही. तुमची विहीर वरच्या मुरमातलं पाणी दाखवते. बोअरमधल्या पाण्याची पातळी वरच्या आणि खालच्या भेगांच्या मिश्रणातून ठरते, कारण बोअरला केसिंग फक्त वरच्या भुसभुशीत भागापुरतं असतं. दोन्ही नोंदी खऱ्या आहेत, पण एका तक्त्यात एकत्र टाकू नका. केसिंग नीट बसलं नसेल तर वरच्या थरातलं पाणी बोअरमधून खाली गळतं. मग ‘बोअर घेतल्यापासून विहीर आटली’ ही तक्रार खरी ठरू शकते.

जलसंधारणाच्या कामानंतर शिवारातली पाणीपातळी ३ मीटरने वाढली. फलकावर ‘३०० कोटी लिटर पाणी जमिनीत मुरलं’ असं लिहायचं ठरतंय. क्षेत्र १०० हेक्टर आहे. हिशेब तपासून द्याल का?
(ग्रामपंचायत सदस्य, आटपाडी तालुका)

फलक रंगवायच्या आधी विचारलंत हे बरं केलंत. १०० हेक्टर म्हणजे १० लाख चौरस मीटर. त्याला ३ मीटरने गुणलं की ३० लाख घनमीटर, म्हणजे ३०० कोटी लिटर होतात. पण मग जमिनीखाली खडक नसून नुसतं तळं आहे असं धरावं लागेल.

खडकातली जी जागा पाणी भरून घेते आणि उपसल्यावर परत देते तेवढीच हिशेबात घ्यायची. कुजलेल्या, भेगा असलेल्या बेसॉल्टसाठी देशभरच्या भूजल अंदाजात हे प्रमाण साधारण २ टक्के धरतात (१ ते ३ च्या दरम्यान). तापी-पूर्णेच्या खोऱ्यातल्यासारख्या गाळाच्या जमिनीत ते बरंच जास्त असतं. चिकण गाळात ६ टक्क्यांच्या आसपास, वाळूच्या गाळात १६ पर्यंत. तुमच्या शिवारात २ टक्के धरले तर ३० लाखांचे ६० हजार घनमीटर उरतात. म्हणजे ६ कोटी लिटर.

पडताळणी सोपी आहे. वर्षाला ६०० मिलिमीटर पाऊस धरला तर १०० हेक्टरवर पडणारं सगळं पाणी ६ लाख घनमीटर होतं. फलकावरचा आकडा त्याच्या पाचपट आहे. म्हणजे पडलं त्याहून पाचपट मुरलं! ६० हजार घनमीटर हे मात्र पावसाच्या दहा टक्के आहेत, आणि बेसॉल्टमध्ये ते पटण्यासारखं आहे.

आणखी एक. वाढ कोणत्या दोन मोजण्यांमधली आहे? मे ते ऑक्टोबर अशी असेल तर ती पावसामुळे दरवर्षीच होते. कामाचं श्रेय द्यायचं तर कामाआधीचा आणि नंतरचा ऑक्टोबर सारख्याच पावसाच्या वर्षांतला घ्या, आणि पाणलोटाबाहेरच्या, काम न झालेल्या एखाद्या विहिरीची नोंद शेजारी ठेवा.

टीडीएस पेन आमच्या बोअरला २८० दाखवतं. म्हणजे पाणी पिण्यायोग्य ना?
(तीन पत्रं: वणी, बारामती, अकोला)

नाही. ‘खारट नाही’ एवढंच ते सांगतं. पेन टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, मोजतच नाही. ते पाण्याची वीज वाहून नेण्याची क्षमता मोजतं आणि तिला ०.५ ते ०.७ मधल्या कुठल्यातरी आकड्याने गुणून टीडीएस दाखवतं. त्यामुळे दोन कंपन्यांची पेनं एकाच पेल्यात बुडवली तरी वेगळं सांगतात. पिण्याच्या पाण्यासाठी टीडीएस ५०० मिलिग्रॅम प्रतिलिटरपर्यंत चांगला, आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यायचा, असं भारतीय मानक सांगतं. अकोल्याच्या वाचकांचं गाव खारपाणपट्ट्यात असेल तर त्यांना हे पेन उपयोगी आहे, कारण तिथे पहिला प्रश्न क्षारांचाच असतो.

वणीचं तसं नाही. यवतमाळ-चंद्रपूर भागात अनेक ठिकाणी फ्लोराइड आहे. त्याची मर्यादा १ मिलिग्रॅम, फार तर १.५. टीडीएस २८० असलेल्या पाण्यात फ्लोराइड ३ असू शकतं आणि पेनाला त्याचा पत्ताही लागणार नाही. नायट्रेटची मर्यादा ४५ आहे आणि त्यात सवलत नाही. गोठा, उकिरडा किंवा शोषखड्डा बोअरच्या वरच्या अंगाला असेल तर बारामतीच्या वाचकांनी नायट्रेट तपासूनच घ्यावं. उकळून ते जात नाही, उलट पाणी आटल्यामुळे प्रमाण वाढतं. जंतूंबद्दल तर पेन बोलतच नाही.

नमुना मात्र नीट घ्या, कारण प्रयोगशाळेत होणाऱ्या चुकांपेक्षा नमुना घेतानाच्या चुका जास्त असतात. बोअरमध्ये साचून राहिलेलं पाणी खडकातल्या पाण्यासारखं नसतं. नियम असा की बोअरमधल्या पाण्याच्या तिप्पट पाणी आधी उपसायचं. सहा इंची बोअरमध्ये ५० मीटर पाणी उभं असेल तर ते सुमारे ८८० लिटर भरतं, म्हणजे साडेदोन-पावणेतीन हजार लिटर जाऊ द्यावे लागतील. पेन इथे कामाला येतं. पाच-पाच मिनिटांनी तीन वेळा वाचा, आकडा स्थिरावला की नमुना भरा.

रासायनिक तपासणीसाठी लिटरभराची प्लॅस्टिकची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरा. फ्लोराइड तपासायचं असेल तर काचेची बाटली टाळा. जंतू तपासणीची बाटली मात्र प्रयोगशाळेतून निर्जंतुक करून येते. ती विसळायची नाही, टोपणाच्या आत बोट लावायचं नाही, आणि वर बोटभर जागा मोकळी सोडायची. तिच्या तळाशी पांढरी भुकटी किंवा थेंबभर द्राव दिसतो. तो सोडियम थायोसल्फेट असतो आणि पाण्यातलं क्लोरीन मारतो. तो धुऊन टाकला तर क्लोरीन बाटलीतही जंतू मारत राहतं आणि घाण पाण्याचा अहवाल चांगला येतो. विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकल्या टाकल्या नमुना घेतला तरी तेच होतं, आणि असे नमुने जातात हे जलसुरक्षकांना चांगलं ठाऊक आहे. बाटली बर्फाच्या डब्यात ठेवून २४ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवा. बर्फात ठेवायची, पण गोठू द्यायची नाही. नायट्रेटचा नमुनाही थंडच ठेवा आणि दोन दिवसांत तपासून घ्या.

सामू (पीएच) आणि तापमान जागेवरच मोजायचं. भूजल हवेवर आलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि सामू वाढतो. प्रयोगशाळेतला ८.१ विहिरीपाशी ७.३ असू शकतो. मीटर त्याच सकाळी ७ आणि ४ (किंवा ९.२) च्या द्रावांत जुळवून घ्या. इलेक्ट्रोड डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेवण्याची सवय शाळांमध्येही दिसते, त्यानेच तो बिघडतो. तो पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावात ठेवायचा.

ओढ्याचा विसर्ग मोजण्याचा प्रकल्प नववीच्या मुलांकडून करून घ्यायचा आहे. उपकरणं नाहीत.
(शिक्षिका, जुन्नर)

फूटपट्टी, टेप, घड्याळ आणि एक नारळ पुरेल. वीस मीटरचा सरळ, झाडझुडूप नसलेला टप्पा निवडा. सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी अशा तीन ठिकाणी रुंदी मोजा आणि दर अर्ध्या मीटरवर खोली घ्या. थर्माकोल किंवा रिकामी बाटली तरंगत सोडू नका, ती वाऱ्यासोबत पळते. नारळ, किंवा अर्ध्याहून जास्त पाणी भरलेली बाटली, पाण्यात बुडून चालते म्हणून ती योग्य. सुरुवातीच्या खुणेच्या चार-पाच मीटर वरून सोडा, म्हणजे खुणेपाशी येईस्तोवर तिला प्रवाहाचा वेग येतो. मध्यभागी तीनदा आणि दोन्ही कडांना एकेकदा सोडून सरासरी काढा.

समजा ओढा ४ मीटर रुंद, सरासरी खोली ०.३ मीटर आणि नारळाला २० मीटर जायला ४० सेकंद लागले. पृष्ठभागाचा वेग सेकंदाला अर्धा मीटर. पण तळाशी पाणी घासत, सावकाश जातं, म्हणून त्याला ०.८५ ने गुणा. दगडगोट्यांच्या उथळ ओढ्यात ०.७ सुद्धा चालेल. आपण ०.८५ घेऊ. ४ × ०.३ × ०.४२५ म्हणजे सेकंदाला ०.५१ घनमीटर, ५१० लिटर. वर्तमानपत्री भाषेत १८ क्युसेक (सेकंदाला घनफूट). या पद्धतीत वीस टक्के इकडेतिकडे होणारच, हे मुलांनी वहीत लिहू दे. पाणी गुडघ्याच्या वर असेल किंवा गढूळ चढतं असेल तर कोणीही उतरायचं नाही.

हिवाळ्यात ओढा बारीक झाला की नारळ तळाला टेकतो. मग पत्र्यात काटकोनी, ‘व्ही’च्या आकाराची खाच कापून ओढ्यात आडवा उभा करा आणि कडांनी चिकण माती लिंपा. खाचेच्या टोकापासून पाण्याची उंची १० सेंटीमीटर असेल तर सेकंदाला साधारण ४.४ लिटर जातात, १५ असेल तर १२ लिटर. उंची खाचेपाशी मोजायची नाही, कारण तिथे पाणी खाली झुकतं. पाण्याच्या उंचीच्या चौपट अंतर मागे, शांत पाण्यात पट्टी रोवा. पट्टी वाचण्यात काळजी घ्या. १० ऐवजी ११ वाचले तर विसर्ग सव्वापट होतो.

क्युसेक आणि टीएमसी यांचा मेळ कसा घालायचा?
(पुणे)

११,५७४ क्युसेक पाणी चोवीस तास वाहिलं की एक टीएमसी (शंभर कोटी घनफूट) होतं, म्हणजे खडकवासला धरणाचं साधारण अर्धं पाणी. क्युसेक हा वाहण्याचा दर आहे, टीएमसी हा साठा. ‘धरणातून २५ हजार क्युसेक पाणी सोडलं’ या बातमीत किती तास, हे नसेल तर किती पाणी गेलं ते कळत नाही.

कोल्हापूरला पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट, सांगलीला कृष्णेची ४५. मग नदीची खोली तेवढी असते का? आणि सांगलीत कधीकधी वरून विसर्ग कमी होऊनही पाणी का उतरत नाही?
(मिरज)

खोलीशी या आकड्यांचा थेट संबंध नाही. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावरच्या पट्टीला स्वतःचा शून्य आहे, सांगलीच्या आयर्विन पुलाच्या पट्टीला स्वतःचा. कोल्हापूरचे ३९ फूट (इशारा पातळी) आणि सांगलीचे ४० फूट यांची तुलना म्हणजे दोन वेगळ्या घरांच्या जिन्यांवर उभं राहून उंची ताडण्यासारखं. २०१९ च्या महापुरात दोन्ही पट्ट्या ५५ फुटांच्या वर गेल्या, पण पाणी कुठे जास्त हे त्यावरून ठरत नाही. त्यासाठी दोन्ही शून्यांची समुद्रसपाटीपासूनची उंची जोडावी लागते.

तुमचा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. पट्टी फक्त उंची सांगते, विसर्ग मोजावा लागतो. पुलावरून माशाच्या आकाराचं जड वजन बांधलेलं वेगमापक नदीत सोडतात. नदीची रुंदी अनेक पट्ट्यांत विभागून प्रत्येक पट्ट्यात खोली आणि वेग घेतात. पाणी उथळ असेल तर पृष्ठभागापासून खोलीच्या ०.६ वर, खोल असेल तर ०.२ आणि ०.८ वर दोनदा मोजून सरासरी. सगळ्या पट्ट्यांची बेरीज म्हणजे विसर्ग. असे अनेक दिवसांचे विसर्ग उंचीसमोर मांडून जो वक्र मिळतो, त्यावरून पुढे नुसत्या पट्टीच्या वाचनातून विसर्ग काढतात.

हा वक्र तीन कारणांनी फसतो. पुरात तळ खरवडला जातो किंवा गाळ भरतो, आणि वक्र जुना होतो. चढत्या पुरात त्याच उंचीला उतरत्या पुरापेक्षा जास्त पाणी वाहत असतं, कारण चढत्या पुराचा उतार तीव्र असतो. तिसरं कारण सांगलीचं. शहराच्या थोडं खाली हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते. वारणेला पूर असला की कृष्णेला पुढे जायला वाट मिळत नाही आणि पाणी मागे तुंबतं. त्या वेळी पट्टी ४५ दाखवत असली तरी विसर्ग नेहमीच्या ४५ फुटांपेक्षा कमी असतो. नृसिंहवाडीच्या संगमावर कृष्णा चढली की पंचगंगेचंही असंच होतं. अशा ठिकाणी एका पट्टीने भागत नाही. खाली आणखी एक पट्टी लावून दोन्हींमधला उतार धरावा लागतो. म्हणून सांगलीकरांनी फक्त कोयनेच्या विसर्गावर डोळा ठेवणं अपुरं आहे, चांदोलीचा म्हणजे वारणा धरणाचा विसर्गही तितकाच पाहायला हवा.

तळ्यात पहाटे मासे मरून वर आले. पण तपासणीत विरघळलेला ऑक्सिजन ९ मिलिग्रॅम निघाला. अहवाल खोटा आहे का?
(मत्स्यसंस्था, भंडारा जिल्हा)

नमुना किती वाजता घेतला ते अहवालात पाहा. बहुधा दुपारी. तळं हिरवं असेल तर दिवसा शेवाळ ऑक्सिजन सोडतं. ३० अंश तापमानाला पाण्यात साधारण ७.५ मिलिग्रॅमच मावतो, म्हणजे ९ हा आकडाच सांगतो की पाणी शेवाळाने भरलं आहे. रात्री तेच शेवाळ ऑक्सिजन खातं आणि पहाटे पाचच्या सुमारास तो सर्वांत कमी होतो. मासे त्या वेळी मरतात. माणसं नमुन्याला येतात अकरानंतर.

मीटर नसेल तर जागेवर करायची जुनी पद्धत अजूनही भरवशाची आहे. ३०० मिलिलिटरची बाटली पाण्याखाली, बुडबुडा न ठेवता भरा. मँगेनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड यांचे दोन-दोन मिलिलिटर पिपेटचं टोक पाण्यात बुडवून सोडा आणि टोपण लावून उलटसुलट करा. गडद तपकिरी साका बसला तर ऑक्सिजन भरपूर, फिकट तपकिरी तर कमी. साका पांढराच राहिला तर ऑक्सिजन जवळपास नाही, एवढं तिथल्या तिथे कळतं. नेमका आकडा नंतर आम्ल घालून टायट्रेशनने काढता येतो.

पहाटे पाच, सकाळी अकरा आणि दुपारी तीनला, तळ्याच्या मधोमध, पृष्ठभागाखाली एक फूट आणि तळापासून एक फूट वर असे नमुने घ्या. पहाटेचा आकडा ३ च्या खाली असेल तर खाद्य आणि शेणखत लगेच बंद करा आणि रात्री दोन ते सूर्योदयापर्यंत पंपाने पाणी उंचावरून पाडत राहा. ढगाळ दिवस आणि वारा पडलेला असेल तर त्या रात्री पंप आधीपासूनच तयार ठेवा.